फेलाहाचा इजिप्त

सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच परदेशी राजांची नावे आहेत. धम्मविजयाचा निरोप कुठवर पोहोचवला हे सांगताना अशोकाने ती कोरून घेतली. त्यातला एक राजा 'तुरमय', म्हणजे इजिप्तचा दुसरा टॉलेमी. उलट बाजूनेही नोंदी आहेत. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवहीत आपल्या सोपाऱ्याचे आणि कल्याणचे नाव येते. आणि तांबड्या समुद्राच्या काठावरील बेरेनिके या प्राचीन बंदरात, इसिस देवीच्या मंदिराच्या आवारात, ७१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाल्याचे २०२३ साली जाहीर झाले.

ती बातमी आली तेव्हा आमच्या अभ्यासवर्गात मोठा आनंद झाला आणि तो साहजिक होता. मात्र त्याच बैठकीत कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारले, "सर, राजाचे नाव कळले, मूर्तीची उंची कळली. पण त्या बंदरावर गोणी कोण वाहत होते? त्यांचे वंशज आज काय करतात?" मी त्या वेळी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले. नंतर मात्र तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. कोर्टाच्या सुट्टीत जमेल तसे वाचत गेलो, त्यातून जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवत आहे.

सुरुवात पिरॅमिडपासूनच करावी लागेल. पिरॅमिड गुलामांनी बांधले असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. हेरोडोटसने एक लाख माणसे राबल्याचे लिहून ठेवले आणि पुढे सिनेमावाल्यांनी त्यात चाबकाची भर घातली. १९९० साली गिझाच्या पठारावर एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि त्या भिंतीखाली पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांची थडगी निघाली. सांगाड्यांच्या पाठीचे मणके ओझ्याने झिजलेले होते. मोडून पुन्हा नीट जुळलेली हाडेही होती, म्हणजे कुणीतरी उपचार केले होते. जवळच पाव भाजण्याच्या मोठ्या भट्ट्या सापडल्या. त्यानंतर २०१३ साली वादी अल-जर्फ येथे पपायरसचे तुकडे मिळाले. लेखन असलेले याहून जुने पपायरस जगात नाहीत. त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरायचे, नाईल नदीतून गिझाला न्यायचे, रिकामी होडी घेऊन परत यायचे. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा हा हजेरीपट आहे.

मग हे लोक स्वतंत्र होते का? तसेही नाही. ते विकत घेतलेले गुलाम नव्हते, पण राजाच्या कामाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार त्यांना नव्हता. गावाने माणसे पुरवायची, माणसांनी राबायचे, बदल्यात भाकरी आणि बिअर. या पद्धतीला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: वेठ. वेठ म्हणजे काय हे या पानाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. इजिप्तमध्ये ती मरणानंतरही सुटत नसे. परलोकातही देवाच्या शेतात बांधबंदिस्तीचे बोलावणे येणार अशी श्रद्धा होती. त्यातून सुटका व्हावी म्हणून ऐपतदार माणसे थडग्यात हातात कुदळ धरलेल्या छोट्या बाहुल्या ठेवत. त्यांना 'शब्ती' म्हणतात. पुढच्या काळात वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक अशा ३६५ बाहुल्या आणि त्यांच्यावर नजर ठेवायला ३६ मुकादम बाहुल्या असा पुरा संच ठेवू लागले. परलोकातही मुकादमाशिवाय काम होईल यावर मालकवर्गाचा विश्वास नव्हता! ज्याला बाहुल्या परवडत नव्हत्या त्याने तिथेही स्वतःच राबायचे.

या सगळ्यात एक गाव मला फार आवडते. लक्झर शहरासमोर, नाईलच्या पश्चिमेला देर अल-मदिना. राजांची थडगी कोरणारे पाथरवट, चितारी आणि त्यांची कुटुंबे इथे राहत. यांच्यातले पुष्कळ जण लिहू-वाचू शकत होते, म्हणून त्यांचे आयुष्य आपल्यापर्यंत पोहोचले. मडक्याच्या खापरांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर त्यांनी उसनवारी, भांडणे, धोब्याचा हिशेब सगळे लिहून ठेवले. ब्रिटिश म्युझियममध्ये अशी एक कपची आहे. तिच्यावर कामगारांच्या गैरहजेरीची कारणे लिहिली आहेत. एकाला विंचू चावला, एकाचे डोळे आले, एक आईच्या अंत्यविधीला गेला, एक घरी बिअर गाळत बसला. पगार धान्यात मिळे, साध्या कामगाराला महिन्याला साडेपाच पोती गहू आणि बार्ली.

तिसऱ्या रामसेस राजाच्या राज्याच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी साधारण ११५७ च्या सुमारास, हे धान्य थकले. महिन्याचे अठरा दिवस उलटले तरी पोती आली नाहीत. तेव्हा या कामगारांनी हत्यारे खाली ठेवली, पहाऱ्याच्या चौक्या ओलांडल्या आणि ते एका देवळामागे जाऊन बसले. अधिकारी आले, गोड बोलले, आश्वासने दिली. कामगार उठले नाहीत. आम्ही भुकेने आणि तहानेने इथवर आलो आहोत, अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे राजाला लिहून कळवा अशी त्यांची मागणी होती. दुसऱ्या दिवशी ते मोठ्या देवळात घुसले. धान्य मिळाले. पुन्हा थकले, पुन्हा बसले. आमेननख्त नावाच्या लेखनिकाने हे सारे टिपून ठेवले आणि तो पपायरस आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. इतिहासात नोंद असलेला हा पहिला संप. एका टप्प्यावर कामगारांनी असेही सांगितले की आमचे गाऱ्हाणे केवळ भुकेचे नाही, या ठिकाणी अन्याय झालेला आहे. मी वकिलीत अनेक निवेदने लिहिली, पण भाकरीच्या मागणीतून न्यायाच्या मागणीकडे इतक्या थोड्या शब्दांत कुणाला नेता आले नाही.

त्यानंतरची जवळपास तीन हजार वर्षे मी भरभर ओलांडतो. पर्शियन आले, ग्रीक आले, रोमन आले. रोमची भाकरी इजिप्तच्या गव्हावर चालत होती. सातव्या शतकात अरब आले, मग तुर्क. प्रत्येकाने भाषा आणली, धर्म आणला, कर वसूल करणारा आणला. पण लोक बदलले असे समजण्याचे कारण नाही. आजचे मुसलमान आणि आजचे कॉप्ट ख्रिस्ती हे बहुतांशी त्याच नाईलकाठच्या शेतकऱ्यांचे वंशज आहेत. 'कॉप्ट' या शब्दाचा अर्थच मुळात 'इजिप्तचा' असा होतो. जुनी इजिप्शियन भाषा ग्रीक लिपीचा पेहराव घालून कॉप्टिक म्हणून चर्चच्या प्रार्थनेत टिकली. तिच्याच आधाराने शाँपोलिअनने १८२२ साली चित्रलिपी उलगडली. शेतकरी मुसलमान असला तरी पेरणी-कापणीचा हिशेब तूत, बाबा, हातूर, तूबा, अमशीर अशा कॉप्टिक महिन्यांनीच करत आला आहे. वसंतात 'शम्म अल-नसीम' हा सण येतो. दोन्ही धर्मांचे लोक त्या दिवशी खारवलेली मासळी आणि कांदे घेऊन नदीकाठी किंवा बागेत जाऊन बसतात. त्या मासळीचा वास नवख्याला सहन होत नाही म्हणतात, पण सण कुणी सोडलेला नाही.

हा जो शेतकरी, त्याला अरबीत 'फेलाह' म्हणतात, अनेकवचन 'फेलाहीन'. जमीन नांगरणारा एवढाच त्याचा अर्थ. पण कैरोतल्या सुशिक्षित माणसाच्या तोंडी हाच शब्द 'अडाणी, गावंढळ' या अर्थाने शिवीसारखा येतो. सगळ्यांचे पोट ज्याच्या कामावर चालते त्याचेच नाव शिवी कसे होते, हे कोडे आपल्यालाही घातले गेलेले आहे.

एकोणिसाव्या शतकात या फेलाहावर नवे ओझे आले. मुहम्मद अली पाशाने १८०५ पासून आधुनिक राज्य उभे करायला घेतले. लांब धाग्याचा कापूस आणला, कालवे खणले, सक्तीची फौज उभारली. या सगळ्याला हात लागले ते वेठीचे. फौजेत नेऊ नये म्हणून फेलाह स्वतःचा एक डोळा फोडून घेत, उजव्या हाताची तर्जनी तोडून घेत. हे इतके वाढले की असे अपंगत्व करून घेणाऱ्यांना आणि त्यांना मदत करणाऱ्यांना शिक्षा ठरवाव्या लागल्या. पाशाला इतिहासात 'आधुनिक इजिप्तचा जनक' म्हणतात. ज्यांनी बोटे तोडून घेतली त्यांना हे मान्य झाले असते का?

मग सुएझ. १८५९ साली खोदाई सुरू झाली. सुरुवातीची वर्षे यंत्रे जवळजवळ नव्हतीच. फावडी, टोपल्या आणि पुष्कळदा नुसते हात. महिन्याला सुमारे वीस हजार फेलाह आणले जात, त्यांचा महिना भरला की दुसरे वीस हजार. गावातून वाळवंटापर्यंतचा येण्याजाण्याचा वेळ धरला तर एका माणसामागे कितीतरी दिवसांची शेती बुडे. किती माणसे मेली याचा वाद आहे. नासर यांनी १९५६ साली कालवा राष्ट्रीयीकृत करताना एक लाख वीस हजार हा आकडा सांगितला, इतिहासकारांना तो फुगवलेला वाटतो.

पण माझ्यासारख्या वकिलाचे लक्ष वेगळ्याच कागदाकडे जाते. खेदिव इस्माईलने ही वेठ थांबवायचे ठरवले तेव्हा कालवा कंपनीने करारभंगाची तक्रार केली. लवाद म्हणून कोण? फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन! कंपनी फ्रेंच आणि लवादही फ्रेंच. १८६४ साली त्याने निवाडा दिला: इजिप्तने कंपनीला ८ कोटी ४० लाख फ्रँक द्यावेत. त्यातले ३ कोटी ८० लाख वेठीचे मजूर काढून घेतल्याबद्दल. वेठ केलेल्या माणसाला भरपाई नाही. वेठ बंद झाली म्हणून मालकाला भरपाई! वतने आणि इनामे रद्द होताना कुणाला काय मिळाले याचा ज्यांनी अभ्यास केला आहे, त्यांना या निवाड्याचे आश्चर्य वाटणार नाही.

त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिथला कापूस थांबला. इजिप्तच्या आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव एकदम आकाशाला भिडले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईत सट्टेबाज बुडाले. इजिप्तमध्ये इस्माईलने तेजीच्या भरवशावर कर्जे घेतली होती आणि पुढेही घेत राहिला. १८७५ साली त्याला कालव्याचे समभाग इंग्रजांना चाळीस लाख पौंडांना विकावे लागले. कर्जाचे हप्ते अर्थातच फेलाहाच्या शेतसाऱ्यातून. फेलाहाच्या घरात जन्मलेला कर्नल अहमद उराबी याविरुद्ध उठला, तेव्हा १८८२ साली इंग्रज फौज उतरली. तिच्यात हिंदी पलटणीही होत्या. उराबीला सिलोनला हद्दपार करण्यात आले.

दिनशवाईची हकीकत मात्र सावकाश सांगायला हवी. १३ जून १९०६. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील दिनशवाई गावात काही इंग्रज अधिकारी कबुतरांची शिकार करायला आले. ती कबुतरे रानातली नव्हती, गावकऱ्यांनी पाळलेली होती. झटापट झाली, गोळी सुटली, एक गावकरी स्त्री जखमी झाली. पळत सुटलेला एक अधिकारी उन्हाच्या तडाख्याने मेला. इंग्रजांनी विशेष न्यायाधिकरण बसवले. त्याच्यावर दंडसंहितेचे बंधन नव्हते आणि त्याच्या निकालावर अपील नव्हते. पंधरा दिवसांत सारे आटोपले. चौघांना फाशी, अनेकांना सक्तमजुरी, काहींना फटके. फाशी गावातच, घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत.

या न्यायाधिकरणाचे अध्यक्ष बुत्रोस घाली पाशा इजिप्शियन होते. निकाल लिहिणारे न्यायाधीश अहमद फत्ही झगलूल इजिप्शियन होते. आणि इंग्रजांच्या बाजूने खटला चालवणारा वकील इब्राहिम अल-हिलबावी, तोही इजिप्शियन, त्या काळातला सर्वात नामांकित. त्याने गावकऱ्यांविरुद्ध आपले सारे कसब पणाला लावले. लोक त्याला 'दिनशवाईचा जल्लाद' म्हणू लागले. पुढे १९१० मध्ये बुत्रोस घालींचा खून झाला, तेव्हा आरोपीच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत हाच हिलबावी होता. १९१२ साली वकिलांची संघटना स्थापन झाली, तेव्हा पहिला अध्यक्षही तोच. पण नावामागची ती उपाधी सुटली नाही. आमच्या बाररूममध्ये एखादा गरीब घरातून आलेला तरुण वकील 'मी फक्त माझे ब्रीफ चालवतो' असे म्हणाला की मला हिलबावी आठवतो.

२३ जुलै १९५२ रोजी लष्करी अधिकाऱ्यांनी राजाला घालवले आणि सात आठवड्यांत, ९ सप्टेंबरला, जमीनसुधारणा कायदा आणला. तोपर्यंत अर्ध्या टक्क्याहून कमी जमीनमालकांच्या हातात एक तृतीयांशाहून जास्त शेतजमीन होती. कायद्याने कमाल मर्यादा २०० फेदान ठरवली. फेदान म्हणजे एका एकराहून किंचित जास्त. ही मर्यादा १९६१ मध्ये १०० आणि १९६९ मध्ये ५० झाली. खंड शेतसाऱ्याच्या सातपटीहून जास्त घ्यायचा नाही असे ठरले आणि कुळाचा हक्क पुढे वारसाहक्काने चालू लागला. आपल्या कूळकायद्याची आठवण होते ना? अपुरेपणही तसेच. ज्याच्याकडे खंडाचीसुद्धा जमीन नव्हती त्या भूमिहीन मजुराच्या पदरात फार थोडे पडले. आणि कागदावरची मर्यादा चुकवण्याच्या युक्त्या जमीनदारांना सगळ्याच देशांत येतात. कमशीश गावात याविरुद्ध आवाज उठवणारे कार्यकर्ते सलाह हुसेन यांचा ३० एप्रिल १९६६ रोजी खून झाला. त्यांची पत्नी शाहिंदा मकलद घरात बसली नाही. २०१६ साली मृत्यू येईपर्यंत ती फेलाहांच्या बाजूने उभी राहिली, तुरुंगातही गेली.

जे कायद्याने दिले ते कायद्यानेच काढून घेतले. १९९२ चा कायदा क्रमांक ९६. खंड सातपटीवरून बावीसपटीवर नेला आणि पाच वर्षांची मुदत दिली. १ ऑक्टोबर १९९७ रोजी जुने सगळे करार संपले, त्यानंतर मालक म्हणेल तो खंड आणि मालक म्हणेल तेवढी मुदत. नऊ-दहा लाख कुळांवर याचा परिणाम झाला. तीन पिढ्या कसलेली जमीन सोडावी लागली. गावोगाव मोर्चे निघाले, पोलीस आले, माणसे मेली, शेकडो तुरुंगात गेले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत तेव्हा याची चार ओळींचीही बातमी वाचल्याचे मला आठवत नाही. बाजारपेठ खुली झाल्याचे कौतुक मात्र जगभर छापून आले.

फेलाहाच्या शरीराचाही इतिहास आहे. बारमाही कालव्यांच्या पाण्यात उभे राहून काम करणाऱ्याला बिलहार्झिया नावाचा कृमीचा रोग होई, लघवीतून रक्त जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने यावर इंजेक्शनांची मोठी मोहीम चालवली. हेतू चांगला होता. पण सुया नीट निर्जंतुक न करता पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि हिपॅटायटिस सी देशभर पसरला, इतका की त्याचे प्रमाण जगात सर्वाधिक झाले. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की २०१८ पासून सरकारने कोट्यवधी लोकांची तपासणी करून फुकट औषधे दिली, आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामाला मान्यता दिली. मनात आणले तर राज्य काय करू शकते, त्याचे हे उदाहरण.

जमीन सुटली की माणूस शहराकडे जातो. कैरोच्या मुकत्तम टेकडीच्या पायथ्याशी 'जब्बालीन' म्हणजे कचरा गोळा करणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला दक्षिणेतील अस्यूत भागातून आलेले हे भूमिहीन, बहुतेक कॉप्ट ख्रिस्ती. इमारतींचा कचरा उचलण्याचे हक्क आधीच 'वाहिया' नावाच्या मध्यस्थांकडे होते. घरमालकांकडून पैसे मध्यस्थ घेणार आणि जब्बालीनला मिळणार तो फक्त कचरा, त्याचेही त्याने मध्यस्थाला पैसे द्यायचे. पुरुष आणि मुले दारोदार जाऊन ओझी आणत, बायका आणि मुली घरात बसून हाताने ते निवडत. ओले डुकरांना, बाकीचे कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक वेगळे करून विक्रीला. आणलेल्या कचऱ्यातला जवळपास ऐंशी टक्के भाग ते पुन्हा वापरात आणत. युरोपातली शहरेही तेव्हा इतके करू शकत नव्हती. त्यांची मोबदल्याची बेरीज मात्र रोगराई, इस्पितळातल्या सुयांच्या जखमा आणि 'कचरेवाले' हे नाव.

२००३ साली सरकारने परदेशी कंपन्यांना पंधरा वर्षांचे ठेके दिले, जब्बालीनना विचारलेही नाही. कैरोच्या अरुंद बोळांत कंपन्यांच्या गाड्या शिरेनात, लोकांना कोपऱ्यावरच्या पेटीत कचरा नेऊन टाकायची सवय नव्हती. मग २००९ साली स्वाइन फ्लूची साथ जगात आली. इजिप्तमध्ये एकही रुग्ण नसताना सरकारने देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारली. याचा रोगाशी संबंध नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, तरीही. अल्पसंख्याक, त्यात गरीब, त्यात घाण उचलणारे. त्यांच्या पोटावर पाय देताना कुणाला फार विचार करावा लागला नाही. डुकरे गेली तसा ओला कचरा उचलणे जब्बालीनना परवडेना आणि कैरोच्या रस्त्यांवर तो कुजत पडला. तेव्हा कुठे शहराला कळले की ही माणसे काय करत होती.

धर्माच्या रकान्याचा विषय निघालाच आहे तर एक खटला सांगतो. इजिप्तमध्ये ओळखपत्रावर धर्म लिहावा लागतो आणि तिथे मान्यता तीनच धर्मांना आहे: इस्लाम, ख्रिस्ती, यहुदी. बहाई लोकांनी काय लिहायचे? खोटे लिहायचे किंवा ओळखपत्राशिवाय राहायचे. ओळखपत्र नाही तर शाळा नाही, नोकरी नाही, बँक नाही. डिसेंबर २००६ मध्ये वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने त्यांना नकार दिला. बहाईंच्या वकिलांनी मग वेगळा मार्ग धरला. आमच्या धर्माला मान्यता देऊ नका, निदान आम्हाला खोटे लिहायला लावू नका. हा युक्तिवाद २००८ मध्ये मान्य झाला आणि मार्च २००९ मध्ये अंतिम झाला. आता त्यांच्या धर्माच्या रकान्यात एक आडवी रेघ असते. दाखल्यावर 'बौद्ध' लिहून घेण्यासाठी आपल्या लोकांनी किती कचेऱ्या झिजवल्या हे मी अशिलांच्या तोंडून ऐकले आहे. एका आडव्या रेघेची किंमत मला कळते.

इजिप्तच्या अरबीत भाकरीला 'ऐश' म्हणतात. त्याच शब्दाचा अर्थ जगणे असाही आहे. जानेवारी १९७७ मध्ये सादात सरकारने अनुदान कापले, दोन दिवसांत देश पेटला आणि निर्णय मागे घ्यावा लागला. डिसेंबर २००६ मध्ये महल्लाच्या कापड गिरणीत बोनस थकला. पहिल्यांदा बाहेर पडल्या त्या स्त्री कामगार, आणि पुरुष कुठे आहेत असे विचारत त्या खात्याखात्यांतून फिरल्या. सुमारे चोवीस हजार कामगारांचा संप झाला आणि जिंकला. २५ जानेवारी २०११ पासून तहरीर चौकात जी घोषणा घुमली तिचा पहिला शब्द 'ऐश'च होता, मग स्वातंत्र्य, मग सामाजिक न्याय. अठरा दिवसांत मुबारक गेले. नंतर निवडून आलेले मोर्सी जुलै २०१३ मध्ये लष्कराने हटवले आणि ऑगस्टमध्ये एका दिवसात रस्त्यावर शेकडो माणसे मारली गेली. तेव्हापासून राज्य सीसी यांचे आहे. कार्यकर्ते, पत्रकार, वकील तुरुंगात आहेत. २०२४ च्या मार्चमध्ये चलन एकदम घसरले आणि १ जून २०२४ पासून अनुदानित भाकरी पाच पियास्तरवरून वीस पियास्तर झाली, कित्येक दशकांत प्रथमच. नोव्हेंबर २०२५ मध्ये पिरॅमिडशेजारी शंभर कोटी डॉलरहून अधिक खर्चाचे भव्य संग्रहालय उघडले. मेरेरची रोजनिशी सापडली त्याच देशात आजही दगडांसाठी पैसा निघतो.

२०१४ साली नवे संविधान आले. त्यातले कलम २३६ मी पुन्हा पुन्हा वाचले. दहा वर्षांच्या आत नुबियातील रहिवाशांना त्यांच्या मूळ प्रदेशात परत आणण्याचे काम राज्य करील, असे त्यात लिहिले आहे. नुबियन म्हणजे दक्षिणेकडचे, अस्वानपलीकडचे काळ्या वर्णाचे लोक, त्यांची स्वतःची भाषा आहे. १९०२ मध्ये अस्वानला पहिले धरण झाले तेव्हा त्यांची जमीन बुडायला लागली. धरण १९१२ मध्ये उंचावले, १९३३ मध्ये पुन्हा उंचावले, प्रत्येक वेळी गावे वर सरकली. मोठे धरण १९६० च्या दशकात आले तेव्हा सरकायला जागाच उरली नाही. १९६३-६४ च्या काही महिन्यांत सुमारे पन्नास हजार माणसांना उचलून कोम ओम्बोच्या ओसाड भागात नेले. घरे अर्धवट, नदी दूर. पहिल्याच दिवसांत कितीतरी तान्ही मुले आणि म्हातारी माणसे दगावली.

त्याच वर्षांत अबू सिंबेलचे देऊळ वाचवण्यासाठी सगळे जग धावून आले. युनेस्कोने पैसा उभा केला. १९६४ ते १९६८ या काळात देऊळ हजाराहून अधिक तुकड्यांत कापून पासष्ट मीटर वर नेऊन पुन्हा उभे केले. फेब्रुवारी आणि ऑक्टोबरमध्ये उगवत्या सूर्याचा किरण गाभाऱ्यापर्यंत जातो, तोही हिशेब सांभाळला, फक्त एका दिवसाचा फरक पडला. पर्यटक तो पाहायला पहाटे रांग लावतात.

कलम २३६ लिहून वर्षही झाले नव्हते तेव्हा अध्यक्षांच्या आदेश क्रमांक ४४४ ने सीमेलगतचा पट्टा लष्करी क्षेत्र ठरवला. जुन्या नुबियातील अनेक गावांच्या जागा त्यातच येतात. सप्टेंबर २०१७ मध्ये ईदच्या काळात अस्वानला काही नुबियनांनी डफ वाजवत, गाणी म्हणत मोर्चा काढला. चोवीस जणांना अटक झाली, त्यातला एक कोठडीत असताना मेला. २०२० साली सरकारने भरपाईची कागदपत्रे वाटली, कुणाला रोख, कुणाला दुसरीकडे घर किंवा जमीन. संविधानाने दिलेली दहा वर्षे जानेवारी २०२४ मध्ये संपली. कोम ओम्बोकडे नेऊन वसवलेल्या वस्त्यांना लोकांनी पाण्याखाली गेलेल्या गावांचीच नावे ठेवली आहेत: बल्लाना, तोश्का, अदिंदान.